नागसेनवनातून दिसलेली अमेरिका

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी दलित चळवळीचं नातं सांगायचं म्हटलं की बोट हमखास १९७२ च्या मुंबईकडे जातं. 'ब्लॅक पँथर'वरून 'दलित पँथर' हे नाव आलं, हे खरंच. पण त्या लढ्याचा शांतपणे, वाचून-पारखून विचार त्याआधीच औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, नागसेनवनात, म्हणजे मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात सुरू झाला होता. साठच्या दशकात अमेरिकेत शिकून आलेले इंग्रजीचे प्राध्यापक म. ना. वानखेडे मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि कृष्णवर्णीय लेखक कुणासाठी लिहितो, हा प्रश्न त्यांनी इथल्या लिहित्या पोरांपुढे ठेवला. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श' नियतकालिकाने त्या मंथनाला हक्काची जागा दिली. याला उसनवारी म्हणणाऱ्यांनी सनावळी पाहावी. डॉ. आंबेडकरांच्या संस्थेने हे महाविद्यालय १९५० मध्ये काढलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा माँटगोमेरीतला बसबहिष्कार १९५५ च्या डिसेंबरातला.

जात म्हणजे वंश नव्हे, मग तुलना कशी टिकणार, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. तो खुद्द बाबासाहेबांचाच म्हणता येईल, कारण शूद्रांवरच्या १९४६ च्या ग्रंथात त्यांनी वंशसिद्धान्त खोडून काढला. पण त्याच वर्षी त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. दुखण्याचं मूळ वेगळं असलं तरी उपाय ताडून पाहता येतात, हे त्यांनी जाणलं होतं. नागसेनवनाची उणीव मी वेगळीच मानतो. ही तुलना तिथे वाढवली ती मुख्यतः साहित्याच्या प्राध्यापकांनी. त्यामुळे कविता आणि आत्मकथन उजेडात आलं, तर न्यायालयं, मतदारनोंदणी, पोलिसांचं वागणं हा इतिहासकाराचा ऐवज मागे राहिला.

आणि तो ऐवज याच शहरात पडला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, तरी १९५७ मध्ये लिटल रॉकच्या नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत पोहोचवायला सैन्य पाठवावं लागलं. इथे मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. लगोलग मराठवाड्यातल्या गावांत दलितांची घरं जळाली, माणसं मारली गेली, आणि अंमलबजावणीला १४ जानेवारी १९९४ उजाडला. तिकडे हक्काचा प्रश्न होता, इकडे नुसत्या पाटीचा, असं कुणी म्हणेल. नुसत्या पाटीसाठी खेड्यातल्या भूमिहीनाचं घर कुणी जाळत नाही. विद्यापीठाचं निमित्त झालं, राग होता तो शिकून ताठ उभ्या राहिलेल्या माणसावर. दोन्हीकडे कागदावरचा निर्णय आधी आला आणि समाजाचा विरोध त्यानंतर उफाळला. हा विरोध नेमका कुणी संघटित केला, प्रशासन कुठे कचरलं, हे तालुकावार तपासण्याचं काम इतिहासाच्या विद्यार्थ्यांचं आहे. १९७८ मध्ये विशीत असलेले कार्यकर्ते आता सत्तरीला टेकले आहेत. त्यांच्या साक्षी आधी नोंदवा, सिद्धान्त नंतर मांडा.