क्षत, गुण आणि राजसन्मान : ‘पर्पल हार्ट’ पदकाचा विकास

युद्धात जखमी झालेल्या किंवा कामास आलेल्या सैनिकाचे राज्य काही देणे लागते, ही कल्पना अर्वाचीन नव्हे. अफझलखानाच्या पारिपत्यानंतर (१६५९) शिवाजी महाराजांनी केलेल्या व्यवस्थेचे वर्णन कृष्णाजी अनंत सभासद ह्याच्या बखरीत आहे. पडलेल्यांच्या पुत्रांचे चालवावे, पुत्र नसल्यास स्त्रियांस निम्मे वेतन द्यावे, आणि जखमींस जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम द्यावी, असे तिचे स्वरूप होते. पराक्रम गाजविलेल्या नामवंतांस हत्ती, घोडे व अलंकार दिल्याचा उल्लेख ह्याहून निराळा आहे. बखर प्रसंगानंतर सुमारे चार दशकांनी लिहिली गेली. तेव्हा तिच्यातील आकड्यांवर फार भार देणे योग्य नव्हे. तथापि तिच्यातून व्यक्त होणारे तत्त्व स्पष्ट आहे. जखमेचा हिशेब एक आणि पराक्रमाचा हिशेब दुसरा.

आधुनिक राज्यसंस्थेने सैनिकी पदकांची पद्धत निर्माण केली तेव्हा हे दोन हिशेब एकमेकांत मिसळले. ते पुन्हा वेगळे होण्यास किती काळ लागला, हे अमेरिकेच्या ‘पर्पल हार्ट’ ह्या पदकाच्या इतिहासावरून उत्तम प्रकारे दिसून येते.

ह्या पदकाचे मूळ जॉर्ज वॉशिंग्टन ह्यांनी ७ ऑगस्ट १७८२ रोजी न्यूबर्ग येथील छावणीतून काढलेल्या आज्ञेत आहे. खजिना रिकामा असल्यामुळे सैनिकांस बढती देण्याचे त्यांचे अधिकार काँग्रेसने संकुचित केले होते. द्रव्य नाही आणि बढतीही नाही, अशा स्थितीत गुणाची कदर करण्यासाठी जांभळ्या कापडाचे वा रेशमाचे हृदयाकृती चिन्ह डाव्या छातीवर लावण्याची योजना त्यांनी केली. हा मान अधिकाऱ्यांसाठी नसून सामान्य शिपाई व हवालदार ह्यांच्यासाठी होता, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने लक्षणीय होय. परंतु त्याची कसोटी होती असामान्य गुणाची. जखमेचा त्या आज्ञेत संबंध नव्हता. १७८३ मध्ये एलिजा चर्चिल, विल्यम ब्राउन आणि डॅनियल बिसेल ह्या तीन सार्जंटांना हे चिन्ह मिळाल्याची नोंद आढळते. त्यानंतर ते जवळजवळ दीड शतक विस्मृतीत गेले.

जखमेस स्वतंत्र चिन्ह मिळाले ते पहिल्या महायुद्धात. ब्रिटनने १९१६ मध्ये जखमी सैनिकाच्या डाव्या बाहीवर सोनेरी पट्टी लावण्यास अनुमती दिली. अमेरिकेने १९१८ मध्ये उजव्या बाहीवर तशीच खूण सुरू केली. ह्या खुणा गुणाविषयी काहीच सांगत नव्हत्या. शत्रूच्या हातून ह्या मनुष्याचे रक्त सांडले आहे, एवढेच त्या सांगत होत्या. परंतु त्या केवळ गणवेशावरील खुणा होत्या. पदकाची प्रतिष्ठा त्यांना नव्हती.

ही प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय जनरल डग्लस मॅकार्थर ह्यांच्याकडे जाते. ते भूसेनेचे प्रमुख असताना, वॉशिंग्टन ह्यांच्या द्विशताब्दीच्या दिवशी, २२ फेब्रुवारी १९३२ रोजी, जुन्या चिन्हाचे ‘पर्पल हार्ट’ ह्या नावाने पुनरुज्जीवन झाले. पण येथे एक तार्किक अडचण उभी राहिली. मूळ चिन्ह गुणासाठी होते. जखमी सैनिकास ते द्यावयाचे तर जखम हा गुण कसा ठरावा? नियमाने त्यावर एक शाब्दिक तोड काढली. शत्रूशी लढताना झालेली आणि वैद्यकीय अधिकाऱ्याकडून उपचार करावे लागलेली जखम ही विशेष गुणयुक्त सेवेतून उद्भवली आहे, असे सेनाधिकाऱ्यास मानता येईल, अशी ती तरतूद होती. म्हणजे जखमेला सन्मान मिळाला खरा. परंतु गुणाचा वेष घेऊनच.

ह्या युक्तिवादाची मर्यादा मृतांच्या बाबतीत उघडी पडली. पदक हे जिवंत सैनिकाने धारण करावयाचे भूषण आहे, ही मूळ कल्पना कायम राहिल्यामुळे मरणोत्तर पदक देण्यास १९३२ च्या योजनेत वाव नव्हता. गोळी दंडाला लागली तर सैनिक पदकास पात्र होई. तीच गोळी हृदयाला लागली तर मात्र अपात्र ठरे. ही विसंगती अमेरिकेपुरतीच होती असे नव्हे. ब्रिटनच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या १८५६ च्या सनदेत मृतांचा विचार नव्हता. पुढे कामास आलेल्या वीरांविषयी ‘तो जगता तर त्याची शिफारस झाली असती’ अशा अर्थाची केवळ सूचना राजपत्रात येई. दक्षिण आफ्रिकेतील युद्धाच्या अखेरीस, १९०२ मध्ये, हा प्रघात मोडला. १९०७ मध्ये काही जुन्या प्रकरणांना त्याचा लाभ मिळाला, आणि १९२० च्या सनदेत मरणोत्तर सन्मान नियमबद्ध झाला. हिंदी सैनिक ह्या क्रॉसला पात्र झाले ते १९११ मध्ये. १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडलेले मराठा लाईट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे ह्यांना तो मरणोत्तर मिळाला, ह्यामागे नियमांतील हे दोन्ही बदल आहेत.

अमेरिकेत हा बदल पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर घडून आला. त्या दिवशी मारल्या गेलेल्यांपैकी अनेकांना शस्त्र उचलण्याचीही संधी मिळाली नव्हती. त्यांच्या मृत्यूस विशिष्ट कृतीचा गुण चिकटविणे शक्य नव्हते. एप्रिल १९४२ मध्ये युद्धखात्याने मरणोत्तर पदकास मान्यता दिली. त्याच वर्षी गुणासाठी ‘लीजन ऑफ मेरिट’ हे निराळे पदक निर्माण झाल्यावर ‘पर्पल हार्ट’ केवळ जखमी व मृत ह्यांच्यासाठी राखून ठेवण्यात आले. ३ डिसेंबर १९४२ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने नौदलासही ते लागू झाले. १९५२ च्या आदेशाने मरणोत्तर सन्मानाची कालमर्यादा ५ एप्रिल १९१७ पर्यंत मागे नेली, आणि पहिल्या महायुद्धातील मृतांना उशिरा का होईना न्याय मिळाला.

तथापि गुणाची कसोटी गेली, तरी जखम म्हणजे काय हा प्रश्न उरलाच. युद्धजन्य मानसिक आघात ह्या पदकास पात्र नाही, असा निर्णय अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २००९ मध्ये जाहीर केला. पदकाची मर्यादा शरीराच्या क्षतापाशी थांबते, असा त्याचा अर्थ होतो.

भारतात शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखमी होणाऱ्या सैनिकास मिळणाऱ्या पदकाचे नाव ‘पराक्रम पदक’ असे आहे. त्याची कसोटी जखमेची आहे, नाव मात्र पराक्रमाचे. १९३२ च्या नियमातील समीकरण येथे नावापुरते टिकून आहे. जखमी सैनिकास ह्या नावाने गौरव वाटत असेल, ह्यात संशय नाही. परंतु जखमेच्या सन्मानास पराक्रमाचा आधार लागावा, ही गरज राज्यसंस्थेची आहे, सैनिकाची नव्हे. पराक्रमाचे मोल राज्य आपल्या निकषांनी ठरविते आणि ते नाकारूही शकते. जखम आणि मृत्यू ही मात्र राज्याच्या सेवेत झालेली हानी होय. तिची दखल घेणे हे बक्षीस नसून देणे आहे. सभासदाने नोंदविलेल्या व्यवस्थेत पराक्रमाची चौकशी न करता जखम पाहिली गेली, ह्याचे महत्त्व ह्या दृष्टीने ध्यानी घेण्याजोगे आहे.