नीतीला ईश्वराचा आधार लागतो का?

देव नसेल तर माणसाने वाईट का वागू नये, हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी विचारलेला असतो. तो विचारून तिथेच सोडलाही जातो, कारण आपल्या श्रद्धेने किंवा अश्रद्धेने उत्तर आधीच देऊन टाकलेले असते. वाचकांनी ते उत्तर थोडा वेळ बाजूला ठेवावे, एवढीच माझी पहिली विनंती. ज्यांनी हा प्रश्न मन लावून तपासला, त्यांची श्रद्धा आणि त्यांचे निष्कर्ष आपण गृहीत धरतो तसे जुळत नाहीत. वेद प्रमाण मानणाऱ्यांत जगाचा कर्ता नाकारणारे निघाले आणि ईश्वर मानणाऱ्यांत नीतीचे माप त्याच्या मर्जीवर न सोडणारे निघाले.

सुरुवात प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या छोट्या संवादाने करावी. सॉक्रेटिसवर देवांविषयीच्या अपराधाचा खटला भरलेला आहे. न्यायालयापाशी त्याला युथिफ्रो भेटतो. एका मजुराच्या मृत्यूबद्दल हा गृहस्थ स्वतःच्या बापावर फिर्याद घेऊन आला आहे, आणि आपले कृत्य देवांना मान्य आहे याविषयी त्याला तिळमात्र शंका नाही. सॉक्रेटिस त्याला विचारतो, की देवांना आवडते म्हणून एखादे कृत्य पवित्र होते, की ते पवित्र आहे म्हणून देवांना आवडते? पहिले मानले, तर देवाने क्रौर्याची आज्ञा केल्यास क्रौर्यही पुण्य ठरेल. दुसरे मानले, तर चांगुलपणाचे माप देवाच्या इच्छेबाहेर जाते. पुढच्या काळातील ईश्वरवाद्यांनी यातून वाट काढली: चांगुलपणा हा ईश्वराचा स्वभावच आहे, म्हणून त्याची आज्ञा लहरी नाही आणि मापही बाहेरचे नाही. ही वाट हलक्यात घेण्याजोगी नाही. मात्र तो स्वभाव चांगला आहे हे आपण कशावरून ओळखतो, याचे उत्तर तिलाही द्यावे लागते.

आपल्या दर्शनांनी याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने हात घातला, आणि तोही अभिमान वाटावा इतक्या बारकाईने. पूर्वमीमांसा या दर्शनाच्या मते वेद कोणीच रचलेले नाहीत, ईश्वरानेही नाहीत. धर्म काय ते त्यांतील विधींवरून कळते. सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या कुमारिल भट्टांनी ‘श्लोकवार्तिका’त जगाचा कर्ता मानण्याविरुद्ध जोरदार युक्तिवाद केला आहे. मग आज केलेल्या कर्माचे फळ पुढे कधीतरी मिळते ते कसे? मीमांसक सांगतात, कर्मातून ‘अपूर्व’ नावाची अदृश्य शक्ती निर्माण होते आणि ती फळापर्यंत टिकते. न्यायदर्शनाच्या उदयनाचार्यांना हे पटत नाही. ‘न्यायकुसुमांजली’त ते विचारतात, की अदृष्ट, म्हणजे कर्मातून येणारी ही न दिसणारी शक्ती, जर जड आहे तर चेतन अधिष्ठात्यावाचून ते काम करील कसे?

ब्रह्मसूत्रांत तर हा वाद समोरासमोर उभा आहे. तिसऱ्या अध्यायातील दुसऱ्या पादाच्या शेवटी मीमांसासूत्रांचे कर्ते जैमिनी यांचे मत येते, की फळ धर्म देतो. ब्रह्मसूत्रांचे कर्ते बादरायण म्हणतात, ते ईश्वर देतो. पण त्याआधी, दुसऱ्या अध्यायात, एक फार धीट आक्षेप येऊन गेलेला असतो: जगात इतकी विषमता आहे, तर ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? शंकराचार्य भाष्यात उत्तर देतात, की तो जीवांच्या धर्माधर्माला अनुसरूनच सृष्टी करतो, म्हणून त्याच्यावर दोष येत नाही. इथे जरा थांबून पाहा. ईश्वराला दोषमुक्त करण्यासाठी धर्माधर्माचाच आधार घेतला आहे.

म्हणून वाचकांनी तीन प्रश्न वेगळे ठेवावेत: योग्य कृत्य योग्य कशामुळे ठरते, ते आपल्याला कळते कसे, आणि त्याचे फळ कोण देतो. उदाहरणार्थ, जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या १७८८ च्या ग्रंथात नैतिक नियमाचे बंधन विवेकातूनच येते. ईश्वर लागतो तो सद्गुण आणि सुख यांचा मेळ घालण्यासाठी. म्हणजे कांटचा ईश्वर तिसऱ्या प्रश्नापाशी उभा आहे, उदयनाचार्यांच्या बराच जवळ, जरी दोघांची कारणे निराळी आहेत.

एक इशारा मात्र द्यायला हवा. मीमांसकांचा धर्म माणसाच्या मर्जीपलीकडचा असला, तरी तो सर्वांना सारखा नव्हता. यज्ञाचा अधिकार कोणाला आहे आणि कोणाला नाही, हेही त्यातच ठरलेले होते. नीती वस्तुनिष्ठ असली की ती न्याय्यही असेलच असे नाही, हे इथे स्वच्छ दिसते आणि मला ते फार महत्त्वाचे वाटते. महात्मा फुले यांचा ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी निर्मिकाचे, म्हणजे जगाच्या कर्त्याचे, नाव घेऊनच स्त्री-पुरुषांचे समान हक्क मांडले. कर्ता न मानणारे कुमारिल परंपरेचे रक्षण करतात आणि कर्ता मानणारे फुले त्याच परंपरेला आव्हान देतात.

फुल्यांचा ग्रंथ येण्यापूर्वीच, १८८८ मध्ये, आगरकरांनी ‘सुधारक’ हे पत्र सुरू केले होते. अज्ञेयवादी आगरकरांनी सदाचरणाचा भार विवेकावर आणि मनुष्याच्या सुखावर टाकला. त्यांचे एकेकाळचे जिवलग मित्र टिळक मंडालेच्या तुरुंगात बसून लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त मिल, स्पेन्सर या पाश्चात्त्य विचारवंतांशी वाद घालत निघाले. सुखावर उभा असलेला आधिभौतिक पक्ष त्यांना अपुरा वाटला, आणि सदसद्विवेकाला स्वतंत्र देवता मानणारा आधिदैवत पक्षही. सर्व भूतांत एकच आत्मा आहे, या अध्यात्मावर त्यांनी नीती उभी केली. नीतीच्या आधाराविषयी या दोघांची मते जिथे वेगळी होतात तो मुद्दा अजून निकालात निघालेला नाही. दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये ‘आजचा सुधारक’ हे मासिक काढले तेव्हा तो मराठीत पुन्हा नेटाने चर्चेला आला.

तुम्ही या विषयाकडे नव्यानेच वळत असाल, तर संस्कृत येत नाही म्हणून बिचकू नका. ‘गीतारहस्या’तील सुखवाद आणि आधिदैवतपक्ष यांवरची प्रकरणे आधी वाचा, मग आगरकरांचे निबंध, आणि मग फुले. मीमांसेकडे त्यानंतर वळावे. टिळकांचे म्हणणे पटले तर आगरकर त्यावर काय म्हणाले असते ते स्वतः लिहून पाहा. आगरकर पटले तर टिळकांच्या बाजूने लिहा.