२० जून १८०७ : जेफरसन यांचे सरकारी वकिलाला पत्र
अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी व्हर्जिनियातील संघीय सरकारी वकील जॉर्ज हे यांना लिहिलेले हे पत्र घटनातज्ज्ञांच्या चर्चेत आजही निघते. माजी उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बर यांच्यावर रिचमंडमध्ये देशद्रोहाचा खटला चालू होता. कागदपत्रांसाठी सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी थेट राष्ट्राध्यक्षांवरच समन्स काढले. न्यायालये उठसूट बोलावून राष्ट्राध्यक्षाला गावोगाव हिंडवू लागली, तर कार्यपालिका स्वतंत्र कशी राहणार, असा जेफरसन यांचा सवाल होता. भाषा तत्त्वाची खरी; पण आदल्याच दिवशी बर यांचे वकील ल्यूथर मार्टिन यांनाही आरोपी करावे का, अशी विचारणा जेफरसन यांनी आपले पक्षबंधू जॉर्ज हे यांच्याकडे केली होती! जेफरसन रिचमंडला गेले नाहीत. १ सप्टेंबरला बर देशद्रोहाच्या आरोपातून सुटले. १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या ध्वनिफितींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, राष्ट्राध्यक्षांवरही समन्स काढता येते, या मार्शल यांच्या भूमिकेचा आधार घेतला.