बाहेर पडायची वाट

दिवाळीत भाचा फर्दापूरला आला, तो लॅपटॉप घेऊनच. त्यावर 'एस्केप फ्रॉम टार्कोव्ह' नावाचा खेळ. 2017 साली तो चाचणीसाठी खुला झाला आणि या तऱ्हेच्या खेळांची घडी बसली ती त्याच्यामुळे. आपल्या कोठारातलं सामान अंगावर चढवायचं, पडक्या शहरात शिरायचं, मिळेल ते पिशवीत भरायचं आणि वेळ संपायच्या आत ठरलेल्या वाटेनं जिवंत बाहेर यायचं. बाहेर आलात तर सगळं तुमचं. आत मेलात तर मिळालेलं जातं आणि घरून नेलेलंही जातं. वाचतं ते फक्त एका छोट्या डब्यात ठेवलेलं.

भाचा तीन रात्री सलग मरत होता. चौथ्या रात्री म्हणाला, "मामा, मला काही जमत नाही."

मी म्हणालो, "अरे, आपल्या गावात दोनशे वर्षं लोक हेच करायला येतात. त्यांचं काय चुकलं ते ऐक."

माझं वय अठ्ठावन्न. अजिंठा लेण्यांकडे वळणाऱ्या फाट्यावर, टी-पॉइंटवर, कित्येक वर्षं मी कॅमेऱ्याचे रोल, लेण्यांची चित्रं आणि पुस्तकं विकली. त्याआधी अण्णा, म्हणजे माझे वडील, लेण्यांत उजेड दाखवायचे. पाटीला चंदेरी कागद लावलेला असायचा. बाहेर उन्हात बसून ते पाटी अशी तिरकी धरत की ऊन दारातून आत शिरे आणि काळ्या भिंतीवर एक हात, एक डोळा, केसांतलं फूल उजळून निघे. ऊन सरकलं की पाटीही सरकायची. पाहुणा आत, अण्णा बाहेर. अण्णांना आतलं चित्र दिसत नसे. कुठे किती वळवायचं हे त्यांच्या मनगटाला पाठ होतं.

फर्दापूर अजिंठ्याच्या घाटाखाली आहे. खानदेशातून वर जाणारा माणूस घाट चढण्याआधी इथे थांबायचा. मुघलांच्या काळातली सराय त्याचसाठी बांधली. रात्री सामान भिंतीआड ठेवायचं आणि सकाळी निघायचं. भाच्याच्या खेळातलं कोठार म्हणजे मला आमची सरायच वाटते.

भाच्याला सांगायला सुरुवात केली ती 28 एप्रिल 1819 पासून. मद्रास फौजेतला जॉन स्मिथ शिकारीच्या नादात वाघूर नदीच्या दरीवर आला आणि पलीकडच्या कड्यात त्याला कमान दिसली. ते दहावं लेणं. आत जाऊन त्याने खांबावरच्या चित्रावर आपलं नाव आणि तारीख खरवडली. ते नाव आज माणसाच्या डोक्याच्याही वर आहे, कारण तेव्हा आत मातीचा ढिगारा होता आणि तो त्यावर उभा होता. भाच्याला म्हटलं, नवशिक्याची पहिली चूक हीच. काही दिसलं की हात चालवायचा. खेळात दिसेल त्यावर गोळी झाडलीस की आवाजानं सगळे तुझ्याकडे येतात. दिसलं तरी गप्प बसता आलं पाहिजे.

पुढे 1828 च्या सुमारास डॉक्टर जेम्स बर्ड आले. माणूस अभ्यासू, पण भिंतीवरच्या आकृती सोलून न्यायचा मोह त्यांना आवरला नाही. असं करू नका, असं त्यांना सांगून पाहणारेही होते. सोललेल्या चित्रांचा चुरा झाला. आमच्या लेण्यांच्या भिंतीवरचा रंग शेणामातीच्या, भुशाच्या गिलाव्यावर आणि त्यावरच्या चुन्याच्या पातळ थरावर बसलेला आहे. तो दगडापासून सुटला की त्याला धरून ठेवणारं काही उरत नाही. हे आठवलं की मला आजही राग येतो. न पेलणारी वस्तू उचलली की ती आपल्यालाही मिळत नाही आणि मागून येणाऱ्यालाही उरत नाही.

मग 1844 मध्ये मेजर रॉबर्ट गिल. माझ्या मते या सगळ्यांत खरा खेळाडू हाच. काही उचलून न्यायचं नाही, नक्कल करून न्यायची, असं काम त्याला ईस्ट इंडिया कंपनीने दिलं होतं. अजिंठा गावात राहून, ताप, उन्हाळा, अंधार सोसत त्याने जवळजवळ वीस वर्षं मोठमोठे कॅनव्हास रंगवले आणि लंडनला धाडले. म्हणजे वाट सापडली, माल बाहेर पडला. आणि 1866 च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली. तिथे टांगलेलं सगळं गेलं. तिथे नव्हती ती मोजकी चित्रं वाचली. गिल पुन्हा इथेच कामाला लागला. 1879 मध्ये तो गेला, त्याची कबर भुसावळला आहे.

भाचा म्हणाला, "म्हणजे बाहेर आणूनही गेलंच की."

"सगळं एकाच ठिकाणी टांगलं म्हणून गेलं. तू तुझी चांगली बंदूक, चांगलं चिलखत, सगळं एकाच फेरीत घालून जातोस ना?"

तो गप्प झाला. गिलनंतर मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून येत राहिले. त्यांच्या नकलांपैकी बऱ्याच 1885 मध्ये लंडनलाच, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातल्या आगीत जळाल्या. तेच शहर, तीच चूक. चित्र स्पष्ट दिसावं म्हणून भिंतीवर वॉर्निश लावलं गेलं, ते पुढे काळवंडलं. आत जाणारा माणूस मागे काय ठेवून येतो, याचाही हिशेब मी धरतो.

1909 ते 1911 या काळात ख्रिस्तियाना हेरिंगहॅम दोन हिवाळे आल्या. सोबत नंदलाल बोस, असितकुमार हालदार यांच्यासारखे तरुण चित्रकार. ठरलेले दिवस, बरोबर भरवशाची माणसं, आणि 1915 मध्ये पुस्तक छापून झालं. छापलेलं चित्र एका आगीत संपत नाही. अशाच छापील चित्रांवर माझा संसार चालला.

त्या रात्री भाच्याने आधी नकाशा उघडून बाहेरच्या वाटा कागदावर लिहून काढल्या. शहरातला भटका होऊन, खेळानं दिलेल्या फुकटच्या सामानावर तो आत शिरला. मेला असता तरी कोठाराला धक्का नव्हता. एका कपाटात वायरचं भेंडोळं आणि दोन बॅटऱ्या सापडल्या. पुढच्या इमारतीत गोळीबार चालला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. तो वळला आणि कुंपणाच्या कडेकडेने निघाला.

सकाळी आम्ही बसने वर गेलो. दहाव्या लेण्यात स्मिथच्या नावाखाली उभं राहून त्याने हात वर केला. बोटं पोहोचत नव्हती. मग तो खाली वाकून जमीन बघू लागला. ढिगारा कुठवर असेल, हे मला विचारत पावलांनी मोजत होता.