वसईच्या नावाचा गॅस

'मुंबई हाय' हे नाव शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. त्याच समुद्रातल्या 'वसई' क्षेत्राचं नाव मी काढलं, की समोरचा हमखास किल्ल्याबद्दल आणि चिमाजी अप्पांबद्दल बोलू लागतो. सरकारी नोंदींत हे क्षेत्र अजूनही 'बसीन' या जुन्या नावाने आहे. माझ्या मते मात्र गेल्या चाळीस वर्षांतली आपली शेती, वीज आणि शहरातली सीएनजी रिक्षा समजून घ्यायची असेल, तर हे नाव माहीत हवंच.

१९७३ च्या तेलसंकटात जगात कच्च्या तेलाचे भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाले. अशा वेळी, फेब्रुवारी १९७४ मध्ये, 'सागर सम्राट' या रिगला मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्राखाली तेल लागलं. देशाला घाई होती. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरूही झालं. त्याच वर्षी किनाऱ्याच्या आणखी जवळ वसईचं क्षेत्र सापडलं, आणि इथे मुख्यतः गॅस होता.

हा फरक महत्त्वाचा आहे. तेलाबरोबर गॅस येतोच, सोड्याची बाटली उघडल्यावर फेस यावा तसा. तेल टँकरमध्ये भरून नेता येतं. गॅसला पाइपलाइन लागते. ती पुरेशी नव्हती, म्हणून मुंबई हायवरचा कितीतरी गॅस समुद्रातच मशालीसारखा जाळून टाकला गेला. तेल तर थांबवता येत नव्हतं. वसईचा गॅस मात्र तेलाला बांधलेला नव्हता, त्यामुळे तो जमिनीखाली वाट पाहू शकत होता. त्याने बरीच वर्षं वाट पाहिली.

अडचणी दोन होत्या. एक म्हणजे या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड आहे. हा वायू विषारी, शिवाय पोलाद खाणारा. तो वेगळा काढल्याशिवाय गॅस पुढे पाठवता येत नाही. दुसरी अडचण म्हणजे एवढा गॅस घेणार कोण?

पहिल्याचं उत्तर सुरतेजवळच्या हजिऱ्याला मिळालं. समुद्रतळावरून २०० किलोमीटरहून लांब पाइपलाइन टाकून गॅस तिथे नेला, शुद्ध केला, आणि निघालेलं गंधकही विकता आलं. दुसऱ्यासाठी ऑगस्ट १९८४ मध्ये 'गेल' ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिचं पहिलं मोठं काम म्हणजे हजिरा-विजयपूर-जगदीशपूर पाइपलाइन, सतराशे किलोमीटरच्या आसपास. गुजरातमधून मध्य प्रदेश, राजस्थान आणि थेट उत्तर प्रदेशापर्यंत.

त्या पाइपलाइनच्या वाटेवर काय उभं राहिलं ते पाहा. विजयपूर, जगदीशपूर, आंवला, बबराला: हे सगळे युरियाचे कारखाने. गॅसमधून हायड्रोजन काढायचा, हवेतल्या नायट्रोजनशी त्याचा संयोग करून अमोनिया बनवायचा, आणि अमोनियापासून युरिया. म्हणजे इथे गॅस हा नुसतं इंधन नाही, कच्चा माल आहे. अरबी समुद्रातला गॅस गंगेच्या खोऱ्यातल्या गव्हाला खत म्हणून पोचला. पुढे अंता आणि औरैयाची वीजकेंद्रं आली. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या बस सीएनजीवर आणायचा आदेश दिला. तो अमलात येऊ शकला, कारण गॅस दिल्लीपर्यंत आधीच आलेला होता.

'नाव वसईचं आणि गॅस उत्तरेला' असं कोणी म्हणेल. मला ही तक्रार अर्धीच पटते. मुंबईच्या समुद्रातला गॅस उरणलाही उतरतो. उरणचं वीजकेंद्र, अलिबागजवळच्या थळचा खत कारखाना, मुंबईतले पाइपचे गॅस आणि सीएनजी पंप त्यावरच वाढले. खरा प्रश्न वाटपाच्या पुढचा आहे.

समुद्राखालचा साठा उपसला की कमी होतो. आजूबाजूची छोटी क्षेत्रं जोडूनही त्याचं वय लपत नाही. कारखान्यांची, बसची, घरातल्या शेगडीची भूक मात्र वाढतच गेली. २००४ पासून दहेजला जहाजांनी द्रवरूप गॅस येऊ लागला, मुख्यतः कतारहून, आणि तोही याच जाळ्यात मिसळला. आज देशात वापरल्या जाणाऱ्या गॅसपैकी जवळपास निम्मा बाहेरून येतो.

म्हणून वसईच्या क्षेत्राकडे मी केवळ स्वावलंबनाची गोष्ट म्हणून पाहत नाही. त्याने देशाला गॅसची सवय लावली, आणि ती सवय साठ्यापेक्षा जास्त टिकाऊ निघाली. ज्या पाइपलाइन आपण तेलसंकटातून सुटण्यासाठी टाकल्या, त्यांतून आज आखातातला गॅस वाहतो. होर्मुझच्या सामुद्रधुनीत तणाव वाढला, की उत्तर प्रदेशातल्या युरियाचा खर्चही वाढतो.