मरुभूमीतील घरांसाठी स्वयंपाकाचा ओटा

स्वयंपाकघरातील ओटा एकदा बसवला की तो पंधरा-वीस वर्षे सहसा बदलला जात नाही. तरीही त्याची निवड बहुधा दुकानातील नमुन्याचा रंग आणि चकाकी पाहूनच केली जाते. समशीतोष्ण हवामानात ही चूक खपून जाते. उष्ण, कोरड्या आणि सतत उन्हाच्या प्रदेशात मात्र ती दोन-तीन उन्हाळ्यांतच उघडी पडते. जोधपूर, जैसलमेर, बिकानेर, बाडमेर आणि चुरू हा थरच्या वाळवंटाचा पट्टा त्याचे उत्तम उदाहरण आहे. याच पट्ट्यातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. चुरू येथे उन्हाळ्यात पारा पन्नाशीला भिडतो आणि हिवाळ्यातील काही रात्री तो शून्याखाली उतरतो. महाराष्ट्रातील अनेक घरांत वापरला जाणारा मकराना संगमरवर, कोटा फरशी आणि जालोरचा ग्रॅनाइट राजस्थानातूनच येत असल्याने तेथील अनुभव मराठी ग्राहकालाही उपयोगी ठरावा.

वाळवंटी हवेचे पाच परिणाम

पहिला परिणाम उन्हाचा. पश्चिमेकडील खिडकीतून दुपारचे ऊन थेट ओट्यावर पडते. साध्या काचेतून अतिनील किरणांचा काही भाग आत येतोच आणि राळ किंवा प्लास्टिक असलेले पदार्थ त्यामुळे हळूहळू पिवळे पडतात. दुसरा परिणाम तापमानातील चढउताराचा. दोन मीटर लांबीची ग्रॅनाइटची लादी तापमानात चाळीस अंशांचा फरक पडल्यास सुमारे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक वाढते. तेवढीच अॅक्रिलिकची लादी अडीच मिलिमीटरच्या आसपास वाढते. ही वाढ सामावून घेण्यास जागा नसेल, तर भेगा पडतात आणि त्या बहुधा सिंकसाठी कापलेल्या चौकोनाच्या कोपऱ्यातून सुरू होतात.

तिसरा परिणाम वाळूचा. वादळाबरोबर घरात शिरणाऱ्या वाळूत मुख्यतः क्वार्ट्झ असते. कठीणपणाच्या मोह्‌ज मापावर क्वार्ट्झचा क्रमांक ७, तर संगमरवरातील कॅल्साइटचा केवळ ३ आहे. न झटकलेल्या वाळूवरून फडके फिरवणे म्हणजे संगमरवर पॉलिशपेपरने घासण्यासारखेच आहे. चौथा परिणाम पाण्याचा. या भागातील भूजल अनेक ठिकाणी क्षारयुक्त आणि जड असते. कोरड्या हवेत पाणी झटपट उडून जाते आणि मागे पांढरे डाग राहतात. पाचवा परिणाम कोरडेपणाचा. लाकडी ओटा आणि लॅमिनेटखालील फळी सुकून आकसतात. जोड उघडतात आणि त्यांत पाणी शिरले की फळी फुगते.

चुनखडीच्या कुळातील दगड

जैसलमेरचा पिवळा दगड, कोटा फरशी, मकराना संगमरवर आणि महाराष्ट्रात घरोघरी दिसणारा आंध्रचा काळा कडाप्पा हे दिसायला परस्परांहून अगदी भिन्न आहेत; रासायनिकदृष्ट्या मात्र ते एकाच कुळातले. त्यांचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट आहे. उन्हाने हे दगड पिवळे पडत नाहीत आणि गरम भांड्यालाही सहसा दाद देत नाहीत. त्यांचा शत्रू आहे आम्ल. लिंबू, चिंच, आमचूर, ताक किंवा मारवाडी स्वयंपाकातील आंबट काचरी यांचा ओघळ काही मिनिटे राहिला तरी पॉलिश उडून निस्तेज ठिपका उमटतो. हा डाग नसून दगडाची झालेली झीज असते, त्यामुळे तो धुऊन जात नाही. पुन्हा पॉलिश करणे हाच उपाय उरतो. क्षारांचे डाग काढण्यासाठी व्हिनेगर वापरण्याचा घरगुती उपायही या दगडांवर उलटतो.

म्हणून मकराना संगमरवर कणीक मळण्याच्या वेगळ्या पाटापुरता किंवा देवघरापुरता ठेवणे शहाणपणाचे. कोटा फरशी जमिनीसाठी उत्तम. ओट्यासाठी घेतलीच, तर चकचकीत पॉलिशऐवजी मंद घोटाई करून घ्यावी, म्हणजे झीज कमी दिसते. जोधपूरचा वालुकाश्म आम्लाला बधत नाही, परंतु तो सच्छिद्र असल्याने तेल आणि हळद शोषून घेतो. अंगणातील चुलीच्या कट्ट्याला तो शोभतो, रोजच्या ओट्याला नव्हे.

ग्रॅनाइटचे पारडे जड

जालोर परिसरातील ग्रॅनाइट हे सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीच्या मलानी अग्निज खडकसमूहाचे अपत्य आहे. त्यातील फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ ही खनिजे वाळूच्या घर्षणाला बरीच पुरून उरतात. आम्ल, ऊन आणि गरम कढई यांचाही त्यावर सहसा परिणाम होत नाही. वाळवंटी घरासाठी सर्वसाधारणपणे हाच सर्वांत सुरक्षित पर्याय होय.

तथापि दोन गोष्टी तपासाव्यात. उन्हात येणाऱ्या ओट्यासाठी काळा ग्रॅनाइट टाळावा. गडद पृष्ठभाग अधिक उष्णता शोषतो, दुपारी हात टेकवणे कठीण होते आणि क्षारांचे पांढरे डागही त्यावर ठळक दिसतात. करडा, फिकट गुलाबी किंवा बारीक ठिपक्यांचा दगड या दृष्टीने सोयीचा. दुसरे म्हणजे काही लाद्यांचा काळेपणा रंगवून वाढवलेला असतो. पांढऱ्या कापडावर अॅसिटोन घेऊन लादीचा कोपरा घासावा. कापडाला रंग लागला, तर ती लादी घेऊ नये. लादीवर पाण्याचा थेंब ठेवून दहा-पंधरा मिनिटांनी दगड गडद झाला का, हेही पाहावे. गडद झाल्यास सीलरचा थर आवश्यक आहे आणि तो वेळोवेळी पुन्हा द्यावा लागेल.

कारखान्यात घडलेले पृष्ठभाग

बाजारात ‘क्वार्ट्झ’ म्हणून विकला जाणारा कृत्रिम दगड साधारणपणे नव्वद टक्के दगडी चुरा आणि दहा टक्के राळ यांपासून बनतो. इटलीतील ब्रेटन कंपनीने हे तंत्र १९७० च्या दशकात विकसित केले. तो डाग धरत नाही आणि त्याला सीलर लागत नाही, म्हणून शहरी ग्राहकांत तो लोकप्रिय आहे. वाळवंटात मात्र त्यातील राळ हा दुबळा दुवा ठरतो. साधारण १५० अंशांच्या वर ती करपू लागते आणि चुलीवरून उतरवलेला तवा याहून बराच अधिक तापलेला असतो. उन्हात हलका रंग पिवळसर होतो. खिडकीलगत किंवा गच्चीवरील ओट्यासाठी हा दगड वापरू नये.

अॅक्रिलिकचा अखंड ओटा सुरेख दिसतो, पण त्यावर वाळूचे ओरखडे पडतात आणि गरम भांड्याचे ठसे उमटतात. स्टेनलेस स्टील टिकाऊ व स्वच्छ. मात्र उन्हात ते पटकन तापते आणि डोळ्यांवर तिरीप येते. त्यामुळे ते सावलीच्या भिंतीलगतच बसवावे. सुमारे १२०० अंशांवर भाजलेल्या पोर्सेलिनच्या मोठ्या लाद्यांत राळ नसल्याने त्या पिवळ्या पडत नाहीत, आम्लाला व उष्णतेला बधत नाहीत. गच्चीवरील ओट्यासाठी त्या विशेष योग्य आहेत. जड भांडे आदळल्यास त्यांची कड उडते आणि कापणीसाठी कसबी कारागीर लागतो, एवढीच त्यांची मर्यादा.

कापणाऱ्याच्या फुप्फुसांचा प्रश्न

ओट्याच्या निवडीत एक मुद्दा क्वचितच विचारात घेतला जातो. दगड कोरडा कापताना उडणाऱ्या सूक्ष्म धुळीतील सिलिका फुप्फुसांत साठते आणि सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार जडतो. राजस्थानातील खाणकामगार व घडाईकाम करणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या त्याचे बळी ठरले आहेत. राज्य सरकारने २०१९ मध्ये यासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. कृत्रिम दगडात सिलिकेचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्याही वर असू शकते. तरुण कारागिरांत आढळलेल्या रुग्णांमुळे ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडाच्या वापरावर बंदी घातली. ग्रॅनाइट आणि वालुकाश्मातही सिलिका असतेच. म्हणून कोणताही दगड निवडला, तरी सिंकचा चौकोन आणि कडांची गोलाई कारखान्यात, पाण्याची धार सोडूनच करून घ्यावी. घरात, बंद खोलीत मिस्त्रीला कोरडे कटर चालवू देऊ नये. त्या धुळीपासून घरातील मुलेही सुटत नाहीत.

बसवताना

लादी आणि भिंत यांत बारीक फट ठेवून ती सिमेंटने न भरता सिलिकॉनने भरावी. सिंकच्या चौकोनाचे कोपरे काटकोनात न कापता गोलाकार घ्यावेत. तापलेल्या लादीवर एकदम थंड पाणी ओतू नये. वाळू आधी मऊ कुंच्याने झटकावी, मगच ओले फडके फिरवावे आणि शेवटी कोरड्या फडक्याने पाणी टिपून घ्यावे. पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा, जाळी किंवा चिकाचा पडदा असल्यास ओट्याचे आयुष्य वाढते. जैसलमेरच्या जुन्या हवेल्यांतील दगडी जाळ्या हेच काम करीत आल्या आहेत.

थोडक्यात, घरातील रोजच्या ओट्यासाठी फिकट किंवा मध्यम रंगाचा ग्रॅनाइट, उघड्यावरील ओट्यासाठी पोर्सेलिन आणि संगमरवर केवळ मर्यादित जागी, ही विभागणी वाळवंटी हवेला मानवते. विदर्भ-मराठवाड्यातील कडक उन्हाळा सोसणाऱ्या घरांनाही ती तितकीच लागू पडेल.