संगमरवर : शुभ्रतेचा इतिहास आणि श्रमाचे विस्मरण

कलेच्या इतिहासाचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडा. संगमरवराचे प्रकरण शिल्पकारापासून सुरू होते. फिडियस, मायकेलअँजेलो, बर्निनी, कानोव्हा अशी नावे ओळीने येतात. जणू दगड डोंगरातून आपल्या पायांनी चालत आला आणि कलावंताच्या दारात उभा राहिला! मधला डोंगर, मधली वाट आणि मधली माणसे या इतिहासात नाहीत. जे पिढ्यान्‌पिढ्या राबले, पण ज्यांच्या नावाची नोंद कोणी ठेवली नाही, अशांच्या वस्तीतून आलेल्या वाचकाला ही रिकामी जागा ताबडतोब दिसते. ती एकदा दिसली की संगमरवराला दोन प्रश्न विचारावेच लागतात. हा दगड फोडला कोणी? आणि त्याचे पांढरेपण हेच सौंदर्य, असे ठरवले कोणी?

चुनखडीचा दगड पृथ्वीच्या पोटात उष्णता आणि दाब सोसून पुन्हा स्फटिकरूप झाला, की संगमरवर होतो. ग्रीकांचा 'मार्मारोस' फारसीत 'मर्मर' झाला, 'संग' म्हणजे दगड त्याला जोडला गेला आणि तो शब्द आपल्याकडे संगमरवर होऊन आला. आपली अजिंठा-वेरूळची लेणी काळ्या बेसाल्टातली आहेत; ताजमहालाचा दगड मकराण्याचा. तो वेगळा विषय आहे. येथे युरोप आणि अमेरिकेपुरते बोलू, कारण 'शुभ्र संगमरवर म्हणजे सौंदर्याची परमावधी' हे मूल्य जगभर पसरले ते तिथूनच.

ग्रीसमधील पॅरॉस बेटावरचा उत्तम संगमरवर भुयारांतून काढीत असत. दिव्याच्या उजेडात फोडलेला म्हणून त्याला 'दिव्याचा दगड' अशा अर्थाचे नाव पडले, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. अथेन्सजवळ पेंटेलिकॉनचा डोंगर होता. इ. स. पूर्व ४४७ मध्ये पार्थेनॉनचे काम सुरू झाले, तेव्हा सुमारे सोळा किलोमीटर अंतरावरून हजारो टन दगड गाड्यांवर लादून अक्रोपोलिसच्या टेकडीवर चढवला गेला. या कामाची एक आठवण प्लुटार्कने जपली आहे. बांधकामावरील खेचरांना म्हातारपणी मोकळे सोडण्यात आले. त्यातले एक खेचर आपणहून परत येई आणि ओझे ओढणाऱ्या जनावरांच्या पुढे चालू लागे. अथेन्सच्या लोकांनी ठराव केला की, या खेचराला मरेपर्यंत सरकारी खर्चाने पोसावे. खेचराची कृतज्ञता इतिहासात नोंदली गेली. त्याच्या बरोबरीने चालणाऱ्या गाडीवानाची नोंद शोधून पाहा!

अथेन्सला एका गोष्टीचे श्रेय मात्र दिले पाहिजे. तिथल्या लोकशाहीने सार्वजनिक कामाचे हिशेब दगडावर कोरून ठेवले. एरेक्थिऑन या मंदिराचे इ. स. पूर्व ४०९ ते ४०७ या काळातील हिशेबाचे शिलालेख तुकड्यातुकड्यांनी सापडले आहेत. त्यांत शंभराहून अधिक कारागिरांची नोंद आहे. ज्यांचा दर्जा ओळखता येतो अशा ८६ जणांपैकी २४ नागरिक, ४२ परके रहिवासी आणि २० गुलाम होते. खांबांवर पन्हळी कोरणाऱ्या एका टोळीत सिमियास हा परका रहिवासी आहे आणि त्याच्याच शेजारी सिंड्रॉन, सॅनियॉन हे त्याचे गुलाम आहेत. रोजाचा दर साधारण एक द्राख्मा. नागरिकाला तोच, परक्याला तोच, गुलामाच्या नावावरही तोच. देखरेख करणाऱ्या स्थपतीचा रोजही तेवढाच होता.

हे वाचून कोणी म्हणेल, पाहा, केवढी ही समता! पण नीट पाहा. गुलामाच्या नावाला मालकाचे नाव चिकटलेले आहे आणि त्याच्या कमाईवर कायद्याने हक्क मालकाचा आहे. संध्याकाळी छिन्नी खाली ठेवली, की नागरिक सभेत जाऊन मत देऊ शकत होता. परका कर भरत होता, पण त्याला मत नव्हते. गुलाम स्वतःचाही नव्हता. एकच खांब, एकच हत्यार, एकच दर. आणि माणसे मात्र तीन प्रतींची. दर सारखा झाला म्हणजे दर्जा सारखा झाला असे मानणाऱ्यांनी हा शिलालेख डोळ्यांसमोर ठेवावा.

हाताने काम करणाऱ्याविषयीचा तिरस्कार त्या संस्कृतीने लपवूनही ठेवला नाही. प्लुटार्क स्वच्छ सांगतो की, एखादी कृती आवडली म्हणून तिच्या कर्त्याला मान द्यावाच असे नाही. ऑलिंपियाची झ्यूसची मूर्ती पाहून कोणाही कुलीन तरुणाला आपण फिडियस व्हावे असे वाटणार नाही. दुसऱ्या शतकातील सीरियन-ग्रीक लेखक ल्युशियन याची कथा तर अधिक बोलकी आहे. घरच्यांनी त्याला दगडाचे काम शिकायला मामाकडे धाडले. पहिल्याच दिवशी हातून लादी फुटली आणि त्याने मार खाल्ला. रात्री स्वप्नात दोन स्त्रिया आल्या, एक शिल्पकला आणि दुसरी विद्या. विद्या म्हणाली, तू फिडियस झालास तरी लोक तुझ्या कलेची स्तुती करतील आणि तुला मात्र हातावर पोट असलेला कारागीरच समजतील. ल्युशियन विद्येबरोबर गेला.

आपल्यापैकी जे घरातले पहिले पदवीधर आहेत, त्यांनी ही कथा दोनदा वाचावी. विद्येकडे जाणे बरोबरच होते. मार खाऊन दगड फोडीत राहण्यात कसलीही थोरवी नाही. पण ती विद्या एक अट घालते : मामाच्या हातांना तुच्छ मान, मग मी तुला घेते. ही अट दोन हजार वर्षांत पुसली गेलेली नाही. शिकलेल्या माणसाने विद्या घ्यावी आणि अट नाकारावी, हा खरा प्रश्न आहे.

रोमने हाच व्यवहार साम्राज्याच्या मापाने केला. विटांचे शहर मिळाले ते संगमरवराचे करून ठेवले, अशी ऑगस्टसची बढाई सुएटोनियसने नोंदवली आहे. त्यासाठी आजच्या इटलीतील करारा येथील डोंगर फोडले गेले. इ. स. ११३ मध्ये उभारलेला ट्रेजनचा स्तंभ याच दगडाचा आहे आणि त्यावर डेशियन लोकांच्या पराभवाची व कैदेची चित्रे कोरली आहेत. रोमन कायद्यात 'खाणीची शिक्षा' होती. ती झालेला मनुष्य स्वातंत्र्य गमावून 'शिक्षेचा गुलाम' बनत असे. अशा माणसांनी फोडलेल्या दगडावर सम्राट आपली कीर्ती कोरीत असत.

आता दुसरा प्रश्न, पांढरेपणाचा. ग्रीकांच्या मूर्ती कोऱ्या पांढऱ्या नव्हत्या. केस, डोळे, ओठ, वस्त्रांचे काठ रंगवलेले असत. १८८६ मध्ये अक्रोपोलिसवर सापडलेल्या 'पेप्लॉस कोरे' या मूर्तीवर रंगाचे अवशेष स्पष्ट आहेत. जमिनीत आणि उन्हापावसात रंग झडून गेला आणि जे उरले त्यालाच युरोपने आदर्श मानले. जर्मन पंडित विंकेलमान याने १७६४ मध्ये प्राचीन कलेचा इतिहास लिहिला. पांढरा रंग सर्वाधिक प्रकाश परावर्तित करतो, म्हणून शरीर जितके पांढरे तितके सुंदर, असा निष्कर्ष त्याने काढला. ही गोष्ट केवळ दगडापुरती राहणार नव्हती. युरोप आफ्रिकेतून माणसे जहाजात कोंबून नेत होता, त्याच शतकात पांढरेपणाला सौंदर्यशास्त्राचा आधार मिळत होता.

पुढे पुराव्यालाच मतासारखे करण्यापर्यंत मजल गेली. पार्थेनॉनची जी शिल्पे लॉर्ड एल्गिनने काढून नेली होती, ती ब्रिटिश म्युझियममध्ये १९३७-३८ साली तांब्याच्या हत्यारांनी आणि कार्बोरंडमने घासण्यात आली. ती पांढरी दिसावीत म्हणून! अस्सलपणाचा सोस एवढा की अस्सल पृष्ठभागच खरवडला गेला. शुद्धता ही वस्तूत नसते, ती ठरवणाऱ्याच्या हातातील हत्यारात असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

ज्या डोंगरातून ही शुभ्रता येत होती, त्या कराराची कहाणी काय आहे? मायकेलअँजेलो तिथे महिनेच्या महिने राहिला. १५०४ मध्ये पुरा झालेला त्याचा पाच मीटरहून उंच 'डेव्हिड' कराराच्याच दगडाचा आहे. एका पाथरवटाच्या बायकोने आपल्याला अंगावर पाजले, तिच्या दुधाबरोबरच छिन्नी-हातोडी आपल्यात आली, असे तो विनोदाने म्हणे. १५१८ च्या एका पत्रात तो लिहितो की, खांब उतरवताना एका माणसाची मान मोडून तो जागीच मेला आणि आपणही थोडक्यात वाचलो. कलेच्या इतिहासात ती दाई आणि तो मजूर एवढ्यापुरतेच येतात.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कराराचे दगड 'लिझ्झातुरा' पद्धतीने उतरवीत. लाकडी घसरगाडीवर दगड बांधायचा, साबण चोपडलेल्या ओंडक्यांवरून दोराच्या आधाराने तो उतारावर सोडायचा. टोळीचा म्होरक्या दगडाच्या पुढे उभा राहून एकेक ओंडका खाली सरकवी. दोर तुटला तर पहिला तो जाई. १८ जुलै १९११ रोजी बेत्तोली येथील खाणीत दरड कोसळून दहा कामगार ठार झाले. ते त्या वेळी दुपारची विश्रांती घेत होते.

पण ही माणसे केवळ मेली नाहीत, लढलीही. जानेवारी १८९४ मध्ये कराराच्या कामगारांनी उठाव केला. क्रिस्पी सरकारने लष्करी कायदा पुकारला आणि लष्करी न्यायालयांनी शेकडो जणांना तुरुंगात धाडले. पुढे अल्बेर्तो मेस्की या संघटकाच्या नेतृत्वाखाली त्यांनी १९१९ साली साडेसहा तासांचा दिवस मिळवला. नंतर फॅसिस्ट आले. १९२८ मध्ये मुसोलिनीच्या स्तंभासाठी याच डोंगरातून सुमारे ३०० टनांचा अखंड दगड काढून साठ बैलांनी ओढत नेला. त्याच्या नावाचा तो स्तंभ रोममध्ये अजून उभा आहे.

शेवटी संगमरवरातील गुलामांकडे वळू. अमेरिकन शिल्पकार हायरम पॉवर्स याची 'ग्रीक गुलाम' ही साखळदंडातील गोरी स्त्री १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात मांडली होती. तिच्यासमोर लोकांचे डोळे पाणावत. त्याच वेळी अमेरिकेत लक्षावधी काळी माणसे साखळदंडात होती. 'पंच' नियतकालिकाने तिच्या जागी काळी 'व्हर्जिनियन गुलाम' दाखवणारे व्यंगचित्र छापले. गुलामगिरीतून पळून आलेला लेखक विल्यम वेल्स ब्राउन आपल्या साथीदारांसह प्रदर्शनात गेला आणि त्याने ते चित्र त्या पुतळ्याजवळ ठेवले. करुणेलाही वर्ण असतो, हे त्याने एकही भाषण न करता दाखवले.

त्यानंतर सोळा वर्षांनी, १८६७ मध्ये, एडमोनिया लुईस हिने रोममध्ये 'फॉरएव्हर फ्री' घडवले. वडील काळे, आई ओजिब्वे वंशाची. १८६२ मध्ये कॉलेजात शिकत असताना दोन गोऱ्या मुलींवर विषप्रयोग केल्याचा आरोप तिच्यावर आला; जमावाने तिला मारून टाकून दिले; पुढे ती निर्दोष सुटली. रोममधील बहुतेक परदेशी शिल्पकार मातीचा नमुना करीत आणि इटालियन कारागीर तो दगडात उतरवीत. लुईस मात्र छिन्नी स्वतः चालवी, कारण काळ्या स्त्रीचे काम दुसऱ्यानेच केले असणार, असे म्हणायला जग टपलेले होते. तिच्या शिल्पात साखळी तुटलेला पुरुष उभा आहे, शेजारी स्त्री गुडघ्यांवर आहे. दोघेही पांढऱ्याशुभ्र कराराच्या दगडात. मुक्तीची भाषा मालकांच्याच दगडात बोलावी लागली. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात गाजलेली तिची 'क्लिओपात्रा' पुढे त्याच नावाच्या शर्यतीच्या घोडीच्या थडग्यावर जाऊन पडली आणि कित्येक दशकांनी संग्रहालयात आली. खेचराचा मान आणि घोडीचे थडगे, दोन्ही या एकाच इतिहासात आहेत.

मग संगमरवर फोडून टाकायचा काय? नाही. दगडाचा दोष नाही. त्याच्याभोवती रचलेली मूल्यव्यवस्था फोडायची आहे. वॉशिंग्टनमधील लिंकन स्मारकाच्या उद्घाटनाला ३० मे १९२२ रोजी काळ्या नागरिकांना वेगळे बसवले होते. २८ ऑगस्ट १९६३ रोजी त्याच पायऱ्यांवरून मार्टिन ल्यूथर किंग बोलले. दगड तोच होता, पण त्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसांनी त्याचा अर्थ बदलला.

आपल्या विद्यार्थ्यांना स्मारक दाखवताना शिल्पकाराचे नाव जरूर सांगावे. पण तेवढ्यावर थांबू नये. हिशेब मागावा. मजुरीचा दर काय होता, अपघात किती झाले, मत कोणाला होते, रंग कोणी पुसला? एरेक्थिऑनचा एक गुलाम सिंड्रॉन म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे, तो कोणाच्या दयेमुळे नव्हे, तर तिथे सार्वजनिक पैशाचा हिशेब लोकांपुढे ठेवावा लागत होता म्हणून. जिथे हिशेब मागणारे असतात, तिथेच राबणाऱ्याचे नाव शिल्लक राहते.